बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर

इंग्रजी गुन्हेकथांमध्ये गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक पोटप्रकार चांगलाच रुजला आहे. प्रेत आजचं असतं, पण त्याचा माग काढायला पोलिसांच्या जोडीला किंवा त्यांच्याऐवजी वंशावळी शोधणारा माणूस येतो. जन्ममृत्यूचे दाखले, खानेसुमारीचे तक्ते, मृत्युपत्रं, चर्चमधली बाप्तिस्म्याची रजिस्टरं चाळत तो दोन-चार पिढ्या मागे जातो आणि तिथल्या एखाद्या नोंदीत त्याला आजच्या खुनाचं कारण सापडतं. डॅन वॉडेल यांची ‘द ब्लड डिटेक्टिव्ह’ (२००८), स्टीव्ह रॉबिन्सन यांची जेफर्सन टेट मालिका, नेथन डिलन गुडविन यांची मॉर्टन फॅरियर मालिका ही त्यातली वाचकप्रिय नावं. जुन्याच रहस्यकथेला चढवलेला हा नवा साज आहे, की त्यात पुराव्याबद्दल काही वेगळा विचार आहे, यावर दोन टोकांची मतं संभवतात. पुढच्या संवादातला शंकाकार पहिल्या मताचा आहे, लेखक दुसऱ्या.

शंकाकार : नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं वाडवडील सांगून गेले. निदान खुनाच्या तपासापुरतं तरी ते मानायला हवं. माणूस माणसाला मारतो तो पैशासाठी, मत्सरापोटी, भीतीपोटी, नाहीतर दारूच्या नशेत. ही सगळी कारणं आजची असतात. वॉडेल यांच्या कादंबरीत मात्र लंडनच्या नॉटिंग हिल भागात प्रेतं पडतात ती १८७९ साली तिथेच झालेल्या खुनांच्या नमुन्यावर. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हिशेब आज चुकता करणारा खुनी! आपल्यापैकी किती जणांना खापरपणजोबांचं नाव सांगता येईल? ज्यांचं नावही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सुरी कोण उचलणार? बरं, एवढ्यावरही भागत नाही. मेलेल्या माणसाची वंशावळ खुन्याला त्या माणसापेक्षा जास्त पाठ असावी लागते, आणि तपासाला आलेला वंशावळ-शोधकही नेमका खुन्याच्याच तोडीचा निघावा लागतो. योगायोगाच्या एवढ्या कुबड्या घेऊन चालणाऱ्या गोष्टीला रहस्यकथा म्हणायला माझं मन धजत नाही.

लेखक : वॉडेल यांच्या खुन्याचा हेतू ओढूनताणून आणलेला आहे, हे मान्य. पण त्या कादंबरीत खरी पाहण्यासारखी गोष्ट आहे ती प्रेतावर कोरलेली खूण : १अ १३७. पोलिसांना तिचा अर्थ लागत नाही. नायजेल बार्न्स या वंशावळ-शोधकाला लागतो, कारण असले आकडे त्याच्या रोजच्या कामाचे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. स्थानिक निबंधक नोंद करायचा, तिची प्रत लंडनला जायची, तिथे दर तिमाहीची सूची बनायची आणि सूचीत प्रत्येक नावापुढे जिल्हा, खंड आणि पान लिहिलेलं असायचं. ‘१अ’ म्हणजे केन्सिंग्टन ज्यात येतं तो खंड, १३७ हे पान. प्रेतावरची खूण एका दाखल्याकडे बोट दाखवते. आता तो दाखला लिहिणाऱ्या कारकुनाचा विचार करा. पुढे कधी काळी होणाऱ्या खुनाची त्याला गंधवार्ता नव्हती. त्याला ना मेलेल्याचं सोयर, ना मारणाऱ्याचं सुतक. असा साक्षीदार जिवंत माणसांत मिळणं कठीण, आणि या कादंबऱ्यांचं बळ त्या साक्षीदारात आहे. पूर्वजांच्या रक्तात काय होतं, हा त्यांचा चांगला भाग नाही. पूर्वजांबद्दल कोणी, कधी, कोणासमोर काय लिहून ठेवलं, हा आहे.

हे कादंबरीकारांचं खूळ वाटत असेल, तर आपल्याकडचा १८७२चा पुराव्याचा कायदा काढून बघा. ऐकीव गोष्ट कायद्याला पुरावा म्हणून चालत नाही, पण कलम ३२नं काही अपवाद केले. रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्याविषयी मृत माणसानं केलेलं विधान चालतं. घराण्याच्या मृत्युपत्रातलं, वंशावळीतलं, थडग्याच्या दगडावरचं, एवढंच काय, कुटुंबाच्या तसबिरीवर लिहिलेलंही चालतं. मुख्य अट अशी की, ते विधान वाद उभा राहण्यापूर्वीचं असलं पाहिजे. २०२४मध्ये लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानंही ही तरतूद ठेवली आहे. वाद पेटला की जो तो आपल्या सोयीचा आजोबा शोधायला लागतो, हे कायदा करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. वंशावळीच्या गुन्हेकथा याच अटीवर उभ्या आहेत.

राहिला हेतू. तो आजचाच असतो, या म्हणण्याला माझा विरोध नाही. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ १९०१-०२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकातून क्रमशः आली. त्यातला खुनी मारतो तो आजच्या इस्टेटीसाठी. मात्र त्या इस्टेटीशी त्याचा संबंध काय, हे तीन भावांच्या वंशावळीत दडलेलं आहे. सर चार्ल्सचा धाकटा भाऊ रॉजर नाव बद्दू करून दक्षिण अमेरिकेत पळाला आणि तिकडेच अविवाहित मेला, असं सगळे धरून चालतात. तो अविवाहित नव्हता. माळावर फुलपाखरांमागे जाळी घेऊन धावणारा शेजारी स्टेपलटन हा त्याचा मुलगा. हेतू ताजा, दुवा जुना. यात अशक्य असं काय आहे?

शंकाकार : उदाहरण द्यायला गेलात आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. स्टेपलटन कोण, हे शेरलॉक होम्सला कोणत्या दाखल्यावरून कळतं? कोणत्याच नाही. वाड्याच्या भिंतीवर ह्यूगो या जुन्या दुष्ट बास्करव्हिलची तसबीर असते. होम्स हातानं तिच्यातली टोपी आणि केसांच्या बटा झाकतो, आणि कॅनव्हासवर स्टेपलटनचा चेहरा उरतो. म्हणजे खाण तशी माती! पूर्वजाचे नाकडोळे आले, त्याअर्थी त्याचं पापही आलं. तुम्ही कारकुनाचे गोडवे गाता, पण या कादंबऱ्यांची नावं तरी पाहा. वॉडेल यांची पहिली ‘द ब्लड डिटेक्टिव्ह’, दुसरी ‘ब्लड अटोनमेंट’; रॉबिन्सन यांची पहिली ‘इन द ब्लड’. जिकडेतिकडे रक्त. ही नुसती कादंबरीतली गंमत राहत नाही. इंग्रजांनी हिंदुस्थानात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींत जन्माला येणं हाच गुन्हा ठरवला, त्या माणसांना हजेरी लावायला लावली, पुढे तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत कोंडलं. महाराष्ट्रातल्या पारध्यांसारख्या समाजांनी तो शिक्का कायदा रद्द झाल्यावरही, १९५२ नंतरसुद्धा, कपाळी वागवला. जातीचा दाखला वंशावळीवर मिळणाऱ्या आपल्या समाजाला ‘गुन्हा कुळातून येतो’ असं सांगणाऱ्या गोष्टींचं कौतुक कशाला हवं?

लेखक : तुमच्या आक्षेपांत हा सगळ्यांत वजनदार आहे, आणि त्यातला अर्धा मी जसाच्या तसा स्वीकारतो. तसबिरीचा प्रसंग नाट्यमय आहे, पण पुरावा म्हणून पोकळ. कलम ३२ला तसबीर चालते ती तिच्यावर काही लिहिलेलं असेल म्हणून. तसबिरीतल्या नाकावरून ते कलम कोणाला बास्करव्हिल ठरवणार नाही. तुम्ही १८७१चा कायदा काढलात हे फार बरं केलंत. तो कायदा आणि १८७२चा पुराव्याचा कायदा, दोन्ही एकाच माणसाच्या कारकिर्दीतले. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा पाहणारा सभासद होता. एका वर्षी सरकारनं म्हटलं की कूळ सांगा, गुन्हेगार आम्ही ओळखतो. पुढच्या वर्षी म्हटलं की कुळाबद्दल कोणी काही सांगत असेल तर ते कधी, कशाच्या आधारे सांगितलं हे आधी तपासू. वंशावळ वापरायच्या या दोन रीती एकमेकींच्या उलट्या आहेत. एकीत वंशावळ हा निकाल असतो. दुसरीत ती एक जबानी असते आणि तिची उलटतपासणी घ्यावी लागते. पहिल्या रीतीनं लिहिलेल्या गुन्हेकथा टाकाऊ, दुसऱ्या रीतीच्या वाचनीय, असा माझा सरळ हिशेब आहे.

या दुसऱ्या रीतीत वंशावळीनं गुपित उघडतं ते बहुधा ती चुकीची निघाल्यामुळे. ‘हाउंड’मध्येसुद्धा खरं गुपित तसबिरीत नाही, ‘अविवाहित मेला’ या घराण्याच्या समजुतीत आहे. रॉस मॅकडोनाल्ड यांची ‘द गाल्टन केस’ (१९५९) घ्या. श्रीमंत घरातला एक मुलगा वीस-बावीस वर्षांपूर्वी नाहीसा झालेला. त्याचा मुलगा म्हणून एक तरुण पुढे येतो. तो तोतया असावा असे धागे लू आर्चर या डिटेक्टिव्हला एकेक करून मिळत जातात, त्याला पढवून पाठवणाऱ्यांचा कटही उघड होतो. आणि शेवटी कळतं की ज्याला तोतया म्हणून उभं केलं होतं, तोच खरा वारस आहे. ते त्या तरुणालाही नीट माहीत नव्हतं. (कादंबरी साठ वर्षांहून जुनी आहे, रहस्य फोडल्याचं पाप लागू नये.) आनुवंशिकतेचा पुरस्कर्ता आणि बोटांच्या ठशांवर ग्रंथ लिहिणारा फ्रान्सिस गाल्टन, त्याचंच आडनाव या घराण्याला मिळावं, हा योग मोठा खट्याळ. रक्त त्या मुलाच्या अंगात पहिल्या दिवसापासून होतं, पण रक्तानं त्याच्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. सांगितलं ते कोणी नाव बदललं, कोण कोणत्या गावी मरून पडलं आणि कोणी कोणाचं मूल आपलं म्हणून वाढवलं, या माहितीनं.

याहून पुढे गेल्या पी. डी. जेम्स. इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या मुलांना मूळ जन्मदाखला पाहायचा हक्क १९७५च्या कायद्यानं मिळाला. त्या कायद्यावर त्यांनी ‘इनोसंट ब्लड’ (१९८०) बेतली. फिलिपा ही अठरा वर्षांची दत्तक मुलगी. आपण कोणा सरदाराची अनौरस लेक असू, अशी कल्पना तिनं मनात रंगवलेली. दाखला हातात येतो आणि त्या पत्त्यावर गेल्यावर कळतं की जन्मदाता एका लहान मुलीवर बलात्कार करून तुरुंगात गेला आणि तिथेच मेला, जन्मदात्रीनं त्या मुलीचा खून केला आणि ती आता सुटायच्या बेतात आहे. तुमच्या ‘खाण तशी माती’चा कस इथे लागतो. खुन्याच्या पोटी जन्मलेली ही मुलगी खुनी निघत नाही. सुरी घेऊन फिरतो तो मेलेल्या मुलीचा बाप, ज्याच्या कुळाला कसलाही डाग नाही. नावात रक्त आहे हे खरं, पण आतला मजकूर रक्ताच्या विरोधात साक्ष देतो.

शंकाकार : उदाहरणं वजनदार आहेत, पण तुमचं बोलणं मला एका ठिकाणी दुटप्पी वाटतं. मघाशी म्हणालात की कारकुनाची नोंद हा सर्वांत विश्वासू साक्षीदार. आता म्हणता की वंशावळ चुकीची निघाल्यामुळेच गुपित उघडतं. नोंद खरी की खोटी? बाप दाखवा, नाहीतर श्राद्ध करा. साक्षीदार खोटं बोलतो असं सिद्ध झाल्यावर त्याच्याच भरवशावर कोणाला फासावर चढवणार?

लेखक : कारकुनाला सोयरसुतक नसतं, पण त्याला माहिती देणाऱ्याला असतं. या दोघांची गल्लत होऊ द्यायची नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये अविवाहित आईच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर बापाचा रकाना बहुतेक वेळा रिकामा राही. तोच मुलगा मोठा होऊन बोहल्यावर चढला की विवाहाच्या रजिस्टरात बापाचं नाव आणि धंदा विचारला जाई. चार माणसांसमोर रकाना रिकामा ठेवायची लाज, म्हणून तिथे काहीबाही नाव लागे, कधी चक्क आजोबांचं. खानेसुमारीचा माणूस दारात आला की कुमारिकेचं मूल तिच्या आईचं मूल म्हणून लिहिलं जाई, आणि कागदावर मुलगा आपल्या आईचा भाऊ होई. दत्तकविधान इंग्लंडमध्ये कायदेशीर झालं तेच १९२७पासून. त्याआधी मूल एका घरातून दुसऱ्या घरात गेलं तरी मागे कागद राहीलच असं नव्हतं. या सगळ्या थापा कारकुनानं जशा ऐकल्या तशा, तारीख घालून लिहून घेतल्या. मृत्यूच्या दाखल्यावर तर खबर कोणी दिली, त्याचंही नाव असतं. बोललेली थाप दर वेळी सोयीप्रमाणे बदलता येते. लिहिली गेली की ती आहे तिथेच राहते, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या कचेरीत मारलेल्या थापेशी ती जुळत नाही. दोन दाखले एकमेकांशी भांडायला लागले की शोधकाचं काम सुरू होतं. खरं तर पोलिसही संशयिताकडून तीनदा जबानी घेतात ती याचसाठी.

जोसेफीन टे यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’ (१९५१) हा या पद्धतीचा सर्वांत धीट प्रयोग. ब्रिटनमधल्या गुन्हेकथा-लेखकांच्या संघटनेनं १९९०मध्ये उत्तम शंभर गुन्हेकथांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक तिला दिला. पाय मोडून इस्पितळात पडलेला इन्स्पेक्टर अॅलन ग्रँट खाटेवरून पाचशे वर्षांपूर्वीचा तपास करतो : लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेल्या दोन अल्पवयीन पुतण्यांना तिसऱ्या रिचर्डनं मारलं का? कादंबरीत धावपळ नाही, गोळीबार नाही, कागद आणि वाद आहेत, तरी ती हातातून खाली ठेववत नाही. ग्रँटचा सर्वांत धारदार मुद्दा वंशावळीचा आहे. चौथ्या एडवर्डचं, म्हणजे या पुतण्यांच्या बापाचं, लग्न अवैध, म्हणून त्याची मुलं अनौरस, असं ठरवणारा कायदा १४८४मध्ये पार्लमेंटनं केला. त्यानं आधीच राजा झालेल्या रिचर्डच्या हक्कावर शिक्कामोर्तब केलं. पुढे सातव्या हेन्रीनं रिचर्डला हरवलं आणि एडवर्डच्या मुलीशी लग्न करायचं ठरवलं. बायको अनौरस चालणार नव्हती, म्हणून त्यानं तो कायदा रद्द केला आणि वाचनही न करता त्याच्या प्रती नष्ट करायला लावल्या. एक प्रत तरीही वाचली. आता पाहा, बहीण औरस ठरली की तिचे भाऊही औरस ठरतात, आणि ते जिवंत असतील तर गादीवर हेन्रीपेक्षा त्यांचा हक्क मोठा. मग मुलं मेलेली कोणाला हवी होती? एका रद्द केलेल्या कागदातून टे यांनी संशयित बदलून दाखवला.

आणि वाद पेटल्यानंतरचा कागद कसा असतो ते पाहायला इंग्लंडला जायची गरज नाही. वतनाच्या भांडणात दिवाणात सादर होणारे आपल्याकडचे करीने हा घराण्याचा इतिहासच असतो. भाऊबंदांत आणि शेजारच्या घराण्यांत मुडदे पडल्याच्या हकिगती त्यांत येतात. जेधे करीन्याशिवाय शिवकाळाचा अभ्यास पुरा होत नाही. पण करीना लिहिणारा स्वतः वादी किंवा प्रतिवादी असतो. इतिहासकार म्हणूनच तो एकटा वाचत नाहीत. महजर, शकावली, शत्रुपक्षाचे कागद शेजारी ठेवून वाचतात. हीच उलटतपासणी चांगला कादंबरीकार गोष्टीत आणतो.

शंकाकार : टे यांची कादंबरी मलाही आवडते, पण तिनं रिचर्डला निर्दोष सोडलं ते इतिहासकारांना पटलेलं नाही. तिनं उलटतपासणी घेतली ती एकाच बाजूची. ते असो. माझा शेवटचा आणि मोठा आक्षेप वेगळा आहे. तुमचे हे कागद आता हवेत कोणाला? डीएनए आलं. कॅलिफोर्नियात सत्तर-ऐंशीच्या दशकांत तेरा खून आणि पन्नासाहून अधिक बलात्कार करणारा ‘गोल्डन स्टेट किलर’ चाळीस वर्षं सापडला नाही, आणि एप्रिल २०१८मध्ये सापडला तो वंशावळीच्या हौशी लोकांनी डीएनए जिथे चढवलं होतं त्या संकेतस्थळांमुळे. नळी फिरवली, नाव आलं. दाखले धुंडाळणारा तो खोकला झालेला शोधक आता संग्रहालयात ठेवायचा.

लेखक : नळी फिरवून नाव आलं, ही बातम्यांनी पसरवलेली समजूत आहे. त्या संकेतस्थळांवर खुन्याचं, म्हणजे जोसेफ डीअँजेलोचं, डीएनए नव्हतं. जुळले ते त्याचे दूरचे नातेवाईक, ज्यांना तो ठाऊक असण्याचंही कारण नव्हतं. अशी जुळणी काय सांगते? या माणसाचे आणि खुन्याचे पूर्वज कुठेतरी एक आहेत, एवढंच. तिथून बार्बरा रे-व्हेंटर या वंशावळ-शोधक बाईंना आणि तपास अधिकाऱ्यांना आधी वर चढून समाईक पूर्वज गाठावे लागले, मग खाली उतरून त्यांच्या सगळ्या वंशजांची झाडं बांधावी लागली. ती झाडं बांधली कशावरून? खानेसुमारी, दाखले, वर्तमानपत्रांतल्या मृत्यूच्या बातम्या. मग वय, लिंग, त्या काळात राहण्याचं ठिकाण पाहत नावं गाळली. उरलेल्या माणसावर पाळत ठेवून त्याच्या गाडीच्या दाराच्या मुठीवरून आणि कचऱ्यात टाकलेल्या कागदी रुमालावरून नमुना घेतला आणि तो गुन्ह्याच्या जागेवरच्या नमुन्याशी ताडला. तेव्हा अटक झाली. तो एकेकाळचा पोलीस निघाला, हे कादंबरीत लिहिलं असतं तर तुम्ही योगायोग म्हणून नाक मुरडलं असतं.

आणि झाडाला निकाल मानलं की काय होतं, तेही अमेरिकेतच दिसलं. आयडाहो फॉल्स इथे १९९६मध्ये एका तरुणीचा खून झाला. २०१४मध्ये पोलिसांनी गुन्ह्यातलं डीएनए एका वंशावळीच्या संग्रहाशी ताडलं, एका माणसाशी अर्धवट जुळणी आली, त्यावरून त्याच्या मुलावर संशय घेतला गेला. मुलाचा नमुना तपासल्यावर कळलं की त्याचा काही संबंध नाही. त्याच खुनात दुसराच एक माणूस खोट्या कबुलीजबाबावर शिक्षा होऊन वीस वर्षं तुरुंगात होता. २०१९मध्ये नीट बांधलेल्या वंशावळीनं खरा गुन्हेगार दाखवला आणि तो माणूस निर्दोष ठरला. एकाच प्रकरणात वंशावळीनं एकाला विनाकारण दारात उभं केलं आणि दुसऱ्यावरचा कलंक धुतला. फरक शास्त्रात थोडा होता, पण त्याहून जास्त होता तो तिच्याकडे पाहण्याच्या रीतीत.

रिचर्डकडेच परत या. लेस्टर शहरात मोटारी ठेवायच्या जागेखाली २०१२मध्ये सांगाडा सापडला. रिचर्डच्या बहिणीपासून लेकीबाळींकडून चालत आलेल्या वंशातले दोन जण शोधून काढले होते; त्यांचं आईकडून येणारं डीएनए सांगाड्याशी जुळलं आणि ओळख पटली. मग पुरुषवंशाची तपासणी झाली. ब्यूफोर्टच्या पाचव्या ड्यूकचे कागदोपत्री वंशज असलेल्या पाच पुरुषांपैकी एकाचंही रिचर्डशी जुळलं नाही. एकाचं तर उरलेल्या चौघांशीही जुळलं नाही. म्हणजे सरदार घराण्याच्या, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वंशावळीत निदान दोन ठिकाणी बाप वेगळा होता. हे डीएनएनं दाखवलं. पण कोणत्या पिढीत, कोणाच्या माहितीनं, ते लपवायला कोणी काय केलं, यातलं काहीही डीएनए सांगू शकत नाही. गुन्हेकथा तिथून सुरू होते. गुडविन यांनी हे ओळखलं, म्हणून २०२१मध्ये ‘द चेस्टर क्रीक मर्डर्स’ लिहिताना त्यांनी सॉल्ट लेक सिटीतला डीएनएवर काम करणारा चमू आणला, पण त्या चमूचे दिवस जातात ते झाडं बांधण्यात आणि मोडण्यात.

शंकाकार : मग ज्यांच्या झाडांवर तुम्ही चढता त्यांचं काय? २०१८मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासानं दाखवलं की सुमारे तेरा लाख लोकांच्या संग्रहात युरोपीय वंशाच्या साठ टक्क्यांहून अधिक अमेरिकनांचा खापरपणजोबा एक असलेला किंवा त्याहून जवळचा नातेवाईक सापडतो. म्हणजे एका चुलत चुलत भावानं हौसेनं थुंकी पाठवली की सगळं कूळ पोलिसांच्या दप्तरात. आणि तुमच्या कादंबऱ्यांतही दर वेळी उघडी पडते ती कोणी तरी पणजी, जिच्या मुलाचा रकाना रिकामा होता. तिला कोणी विचारलं होतं?

लेखक : इथे माझ्याकडे पुरं उत्तर नाही. जीईडीमॅच या संकेतस्थळानं २०१९मध्ये नियम बदलून, ज्यांनी आपणहून हो म्हटलं त्यांचीच माहिती पोलिसांना पाहू द्यायचं ठरवलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या न्याय खात्यानं अंतरिम धोरण आणलं : गंभीर हिंसक गुन्ह्यांतच आणि सरकारी संग्रहात जुळणी न मिळाल्यावरच ही पद्धत वापरायची, आणि केवळ वंशावळीच्या जुळणीवर कोणालाही अटक करायची नाही. शेवटचा नियम माझ्याच बाजूचा आहे. पण नात्यातल्या एकानं दिलेली परवानगी बाकीच्यांना बांधते, हा पेच त्यातून सुटत नाही. पणजीबद्दलही तुमचं बरोबर आहे. या प्रकारातल्या पुष्कळ सुमार कादंबऱ्या कुमारी मातेला चावीसारखी वापरतात आणि रहस्य उघडलं की विसरून जातात. ती गोष्टीत माणूस म्हणून उभी राहते की नाही, यावर मी तरी कादंबरीची प्रत ठरवतो. जेम्स त्या कसोटीला उतरतात, वॉडेल अर्धेमुर्धे.

शंकाकार : आणि मराठीत? की हे सगळं केन्सिंग्टन आणि कॅलिफोर्नियाचंच कौतुक?

लेखक : मराठीत सामग्री पडून आहे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कोण कोणत्या साली, कोणाला आपला मुलगा म्हणून घेऊन आला, ते यजमानाच्या सहीनिशी आहे. गावोगावच्या कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत, आणि तो कोतवालही लंडनच्या कारकुनाइतकाच निर्विकार. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आणि एका ओळीच्या वाचनावर एका घराचं भवितव्य ठरू लागलं. फेरफार, वारसनोंद, जमिनीचे वाढलेले भाव हेही जोडीला आहेत. हेतूसाठी १८७९मध्ये जायला नको. मोडी वाचणारा, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात बसणारा नायक किंवा नायिका मराठी कादंबरीकारानं आता उभी करावी. माझी अट एकच : खुनी दोन कागदांच्या भांडणातून सापडला पाहिजे. त्या कादंबरीत तो नाकावरून किंवा जातीवरून ओळखला गेला, तर मी तुमच्या बाजूला येऊन बसेन.